जुनी स्विफ्ट ट्रॅकसाठी घरी बांधताना: आधी पत्रा, मग केज, मग रंग

प्रश्न असा आहे: २००७ सालची पेट्रोल स्विफ्ट आहे, १.३ लिटर इंजिनाची. चालते व्यवस्थित, पण जागोजाग गंजली आहे. घराच्या आवारात शेड आहे, नेहमीची हत्यारं आहेत, वेल्डिंग येणारा एक माणूस मदतीला आहे. ही गाडी फक्त ट्रॅकवर पळवण्यासाठी घरीच तयार करायची आणि नव्यानं रंगवायची, तर सुरुवात कुठून करावी आणि रंग नेमका कधी मारावा?

रंग दोनदा मारायचा. पहिल्यांदा आतून आणि इंजिनच्या खोबणीत, म्हणजे पत्र्याचं सगळं वेल्डिंग आणि रोल केज (गाडी उलटली तर माणसाला वाचवणारा आतला लोखंडी नळ्यांचा सांगाडा) पूर्ण झाल्यावर पण एकही यांत्रिक भाग परत बसवण्याआधी. दुसऱ्यांदा बाहेरून, गाडी एकदा तात्पुरती जोडून, दरवाजे-बॉनेटच्या फटी जुळवून, सगळी भोकं पाडून झाल्यावर. घरी बांधलेल्या बहुतेक गाड्या हा क्रम मोडल्यामुळेच अडकतात. चकचकीत रंगवलेल्या गाडीत नंतर केज वेल्ड केला की ठिणग्यांनी रंग जळतो, काचांवर ग्राइंडरच्या ठिणग्यांचे कायमचे बारीक खड्डे पडतात, आणि वेल्डच्या मागच्या बाजूला, जिथे हात पोचत नाही तिथे, उघड्या लोखंडाला गंज सुरू होतो.

गाडीची निवड चांगली आहे. २००५ मध्ये आलेल्या पहिल्या भारतीय स्विफ्टमधलं हे १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचं जी१३बीबी इंजिन सुमारे ८७ बीएचपी देतं. याच घराण्याचं इंजिन एस्टीम आणि जिप्सीतही होतं, त्यामुळे जुन्या सुट्या भागांच्या बाजारात माल मिळतो. गाडीचं वजन एक टनाच्या आसपास, पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. कुठलीच गोष्ट गुंतागुंतीची नाही.

काम सुरू करण्याआधी कागदांचं पक्कं करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकात उत्पादकाच्या मूळ तपशिलाप्रमाणे जे लिहिलंय त्यात मनाप्रमाणे फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ च्या निकालात हे ठामपणे सांगितलं आहे. मागची सीट काढलेली, केज घातलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही. ती फ्लॅटबेडवरून न्यायची. हेल्मेट न घालता केजच्या नळीशेजारी डोकं ठेवून रहदारीत बसणं तसंही जिवावरचं आहे. नेहमीचा वाहन विमा शर्यत आणि वेगचाचणीला लागू होत नाही, हेही धरून चाला. पुढेमागे कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर प्रत्यक्ष शर्यतीत उतरायचा विचार असेल, तर एफएमएससीआयची (देशातल्या मोटारशर्यतींचं नियमन करणारी संघटना) त्या वर्गाची नियमावली आजच मिळवा. केज बांधून झाल्यावर नियम वाचले तर केज कापावा लागतो.

गाडी खोलताना घाई करू नका. प्रत्येक बोल्ट ज्या भागाचा त्या भागाच्या नावाच्या पिशवीत ठेवा, आणि वायरिंग काढण्याआधी प्रत्येक कप्लरचा फोटो घेऊन त्याला चिठ्ठी बांधा. हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, कटरनं छाटायचा मोह टाळा. स्विफ्टमध्ये चावी ओळखणारी इमोबिलायझरची यंत्रणा आहे. इग्निशन स्विचभोवतीची कॉइल, तिचा कंट्रोलर आणि मूळ चावी जपून ठेवा, नाहीतर सगळं जोडल्यावर इंजिन फिरेल पण पेट घेणार नाही. गाडीत एअरबॅग असतील तर बॅटरीची वायर काढून काही मिनिटं थांबल्यावरच हात लावा. एसी काढायचा असेल तर आधी मेकॅनिककडून गॅस रिकव्हर करून घ्या, हवेत सोडू नका. हीटर आणि ब्लोअर मात्र ठेवा. पावसाळी दिवशी पुढची काच धुक्यानं भरली की त्या किलो-दोन किलोची किंमत कळते.

जमिनीवर चिकटवलेल्या डांबराच्या आवाजरोधक पट्ट्या काढणं हे कंटाळवाणं काम आहे. ड्राय आइस मिळाला तर तो पट्टीवर पसरून दहा मिनिटं थांबा आणि हातोडीनं हलके ठोका, पट्टी तडकून सुटते. दरवाजे उघडे ठेवा, कारण बंद जागेत तो कार्बन डायऑक्साइड गुदमरवतो. ड्राय आइस नसेल तर हीट गन आणि बोथट खरवडणी. उरलेला चिकट थर रॉकेलनं किंवा टर्पेंटाइननं पुसा, आणि नंतर त्याचा तेलकटपणा डिग्रीझरनं पूर्ण काढा.

आता गंज. या गाडीत तो आधी शोधायचा तो दरवाज्याखालच्या सिलमध्ये, मागच्या चाकांच्या कमानीच्या आतल्या दुमडीत, स्टेपनीच्या खळग्यात, पुढच्या काचेखाली वायपरच्या पन्हळीत आणि कार्पेटखाली पुढच्या प्रवाशाच्या पायाशी. मुंबई-कोकणातली गाडी असेल तर जॅक लावायच्या जागाही तपासा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा; चांगला पत्रा टणत्कार देतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द वाजला तिथे टोक दाबा. टोक आत गेलं तर तिथे रस्ट कन्व्हर्टर लावून किंवा लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरून भागणार नाही, पत्रा कापूनच बदलावा लागेल. कापताना चांगला पत्रा लागेपर्यंत कापा आणि त्यापुढे आणखी बोटभर. गंजलेल्या कडेला केलेलं वेल्डिंग पुढच्या पावसाळ्यात वेल्डच्या शेजारून फाटतं.

ठिगळाला ०.८ मिमीचा सीआरसीए (थंड लाटलेला) पत्रा घ्या, सिलच्या आतल्या भारवाहू पट्टीला १ ते १.२ मिमी. वेल्डिंग मिगचंच हवं, ०.८ किंवा शक्य असल्यास ०.६ मिमी वायर आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. साध्या आर्क वेल्डिंगच्या रॉडनं हा पत्रा जळून भोक पडतं, आणि गॅस वेल्डिंगनं तो लाटेसारखा वाकतो. सलग वेल्ड कधीच ओढू नका. दर २५-३० मिमीवर एक ठिपका, मग समोरच्या टोकाला दुसरा, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या, मग मधल्या जागा भरा. एकावर एक येणाऱ्या कडांना आतून वेल्ड-थ्रू प्रायमर लावा. आणि मागच्या भागाला टॉर्च लावण्याआधी पेट्रोलची टाकी गाडीखालून उतरवा, पुढून येणाऱ्या पेट्रोलच्या व ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते बघा, बॅटरी आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) काढून ठेवा. स्विफ्टची टाकी मागच्या सीटखाली आहे, म्हणजे केजचे मागचे पाय जिथे येतात त्याच्या अगदी जवळ. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ असते.

केजबद्दल जास्त लिहितो, कारण घरच्या कामात सर्वात मोठी फसवणूक इथे होते. हार्डवेअरच्या दुकानातली शिवणीची ईआरडब्ल्यू नळी गेट-जाळ्यांसाठी असते. एफआयए या जागतिक मोटारशर्यत संघटनेच्या परिशिष्ट जे मधलं कलम २५३ मुख्य कमानीसाठी (ड्रायव्हरच्या मागची उभी कमान) कोल्ड ड्रॉन सीमलेस (बिनशिवणीचं) कार्बन स्टील मागतं, किमान ३५० मेगापास्कल ताणशक्तीचं, ४५ बाय २.५ मिमी किंवा ५० बाय २ मिमी. बाकीच्या नळ्या ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. वाक थंड पद्धतीनं मँड्रेलवर (नळीला आतून आधार देणारा दांडा) घ्यायचा, त्याची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट. वाकताना नळी चपटी झाली किंवा आतल्या बाजूला सुरकुती पडली तर तो तुकडा बाद, कितीही महाग पडला तरी. नळी विकत घेताना हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) असलेलं टेस्ट सर्टिफिकेट मागा. ते न देणाऱ्याकडून घेऊ नका.

नळी थेट पत्र्यावर उभी करायची नसते. ०.८ मिमीच्या पत्र्यातून ती अपघातात सरळ खाली घुसते. मुख्य आणि पुढच्या कमानीच्या प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी बॉडीला वेल्ड करायची आणि तिच्यावर केजचा पाय किमान तीन एम८, ८.८ ग्रेडच्या बोल्टांनी धरायचा. पट्टी सिलच्या आतल्या उभ्या भिंतीवर वळवून घेतली तर भार दोन पातळ्यांत वाटला जातो. हे फार उपयोगाचं आहे, कारण स्विफ्टचा सपाट फ्लोअर एकटा भार घ्यायला कमजोर आहे.

व्यवहारातली अडचण ही की केज छताला चिकटून हवा, आणि मग वरच्या जोडांच्या मागच्या बाजूला वेल्डिंगची बंदूक जात नाही. अर्धवट वेल्ड केलेले जोड घेऊन फिरणाऱ्या गाड्या याच कारणामुळे असतात. उपाय असा: पायांच्या पट्ट्या शेवटी पक्क्या करायच्या. आधी केज पायांखाली ठोकळे देऊन जागेवर ठिपक्यांनी जोडा, मग ते ठोकळे काढून तो ८-१० सेंमी खाली उतरवा, वरचे सगळे जोड पूर्ण गोलाकार वेल्ड करा, मग वर उचलून ठोकळे परत बसवा. हे वेल्डिंग शिकाऊ हातानं करू नये. तुमच्या मदतनीसाला फ्लोअरची ठिगळं द्या. केजसाठी नळीवर रोज टिग किंवा मिग करणारा माणूस आणा. कोल्हापूर, पुणे, नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत प्रेशर पाइपवर काम करणारे वेल्डर आहेत. आणि केजवर पावडर कोटिंग नको, साधा रंगच मारा. पावडरचा जाड थर जोडातली बारीक चीर लपवतो.

सीट आणि बेल्ट ज्यांना बांधायचे त्या लोखंडी पट्ट्याही आत्ताच वेल्ड करून घ्यायच्या, रंगानंतर नाही. बकेट सीटच्या प्रत्येक आधाराला एम८ बोल्ट आणि खालून किमान ४० चौरस सेंमीची ३ मिमी पट्टी. खांद्याचे पट्टे केजच्या आडव्या नळीवर अशा उंचीला घ्या की ते खांद्यापासून मागे जवळजवळ आडवे जातील, फार तर २० अंश खाली. ते फ्लोअरला बांधले तर धडकेत मणक्याला खाली दाबतात. मांडीचा पट्टा पोटावर नको, ओटीपोटाच्या हाडावर हवा. बाजारात रेसिंगच्या नावानं मिळणारी स्वस्त चार-पॉइंट बेल्टची जोडी दिसायलाच तशी असते. एफआयए ८८५३ चं लेबल आणि मुदतीची तारीख बघा.

आता आतला रंग. वेल्डचे मणी वायर ब्रशनं साफ करा, उघडा पत्रा ८० ते १८० ग्रिटच्या घासकागदानं खरवडा, डिग्रीझरनं पुसा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. महाराष्ट्रातल्या जुलैच्या हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर गंजाची पिवळसर झाक असते, आणि ती प्रायमरखाली तशीच वाढत राहते. म्हणूनच कामाचं वेळापत्रक ऋतूवर बसवा: पावसाळ्यात खोलणं आणि वेल्डिंग, जेवढा पत्रा उघडला तेवढा त्याच दिवशी इपॉक्सीखाली, आणि शेवटचा रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत. इपॉक्सी सुकल्यावर सगळ्या शिवणींना पीयू सीम सीलर भरा, मग रंग. आतून पांढरा किंवा फिकट राखाडीच निवडा. काळ्या रंगावर तेलाची गळती, केजच्या जोडाची चीर, बोल्टाशेजारी हललेली धूळ काहीच दिसत नाही; फिकट रंगावर हे सगळं लांबून कळतं. आत आणि इंजिनच्या खोबणीत मिळून सुमारे दीड लिटर तयार रंग लागतो.

बाहेरून सिंगल स्टेज (वर क्लिअर कोट न लागणारा) सॉलिड टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून पक्का होणारा पॉलियुरेथेन रंग, मारा. मेटॅलिक आणि क्लिअर कोटचा हट्ट या गाडीला नको. ट्रॅकवर पुढच्या गाडीच्या टायरनं उडवलेले खडे लागणारच, आणि सॉलिड पांढरा एका कोपऱ्यात मारून पॉलिश केला की डाग मिटतो. मेटॅलिकमध्ये अख्खं पॅनेल करावं लागतं. मारुतीचा सुपिरियर व्हाइट कोणत्याही मिक्सिंग सेंटरवर बनवून मिळतो. दुकानदार एनसी (नायट्रोसेल्युलोजचा) रंग अर्ध्या किमतीत देईल. घेऊ नका. पेट्रोल आणि ब्रेक ऑइलचा थेंब पडला की एनसी विरघळतो.

जुना रंग सगळा काढायची गरज नसते. पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन रंगावर मिनिटभर घासा. फडक्याला रंग लागला किंवा रंग सुरकुतला तर गाडी आधी कुठेतरी एनसीनं रंगवलेली आहे आणि तो भाग पत्र्यापर्यंत साफ करावा लागेल, कारण नवीन टू-केचा थिनर त्याला खालून उचलतो. काही न झाल्यास जुना रंग हा तुमचा उत्तम पाया आहे. त्याला ३२० ग्रिटनं निस्तेज करणं पुरेसं.

पहिलं पाऊल घासणं नसून धुणं आहे, हे ठसवून सांगतो. आधी साबणपाणी, मग वॅक्स-ग्रीझ रिमूव्हर, एका फडक्यानं लावा आणि दुसऱ्या कोरड्यानं पुसा. जुन्या पॉलिशमधला सिलिकॉन न काढता घासलं तर कागद तो रंगाच्या आत रेटतो, आणि शेवटच्या कोटात प्रत्येक ठिकाणी माशाच्या डोळ्यासारखा गोल खड्डा उघडतो.

लांबी, म्हणजे पॉलिएस्टर पुट्टी, सुकलेल्या आणि घासलेल्या इपॉक्सीवर भरा, २-३ मिमीपेक्षा जाड नको. हार्डनर वजनानं साधारण २ टक्के. लवकर सुकावी म्हणून जास्त घातलेला पेरॉक्साइड महिन्याभरानं पांढऱ्या रंगातून पिवळा डाग होऊन वर येतो. आणि लांबी पाणीपेपरनं घासू नका. आपल्याकडे गॅरेजात सर्रास पाणी मारून घासतात, धूळ उडत नाही म्हणून. पॉलिएस्टर पाणी शोषून घेते, ते प्रायमरखाली अडकतं आणि पहिल्या उन्हाळ्यात बारीक फोड येतात. लांब लाकडी ठोकळ्यावर ८०, मग १८०, मग ३२० कोरडा कागद, धुळीसाठी मास्क. वर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून घासलं की खड्डे काळे राहतात आणि उंचवटे उघडे पडतात. बोटांपेक्षा तळहात फिरवून पाहणं जास्त खरं सांगतं.

त्यावर टू-के सरफेसर (बारीक ओरखडे भरणारा, घासून सपाट करायचा प्रायमर), १.७ ते १.८ मिमी नोझलनं दोन-तीन कोट, प्रत्येकी दहा मिनिटांच्या अंतरानं. रात्रभर सुकल्यावर ४०० कोरडा, मग ६०० ते ८०० पाणीपेपर. सरफेसरही थोडं पाणी पितो, म्हणून धुतल्यावर गाडी उन्हात पूर्ण सुकवा आणि या अवस्थेतली गाडी पावसात उभी करू नका.

फवारणीच्या जागेबद्दल माझं स्पष्ट मत: घासकाम आणि प्रायमरपर्यंत घरी, बाहेरचा शेवटचा रंग भाड्याच्या बूथमध्ये. कारण धूळ नव्हे, हार्डनरमधलं आयसोसायनेट आहे. त्याचा वास येत नाही, एकदा शरीर संवेदनशील झालं की अगदी थोड्या प्रमाणानंही दमा उफाळतो, आणि हे बहुधा आयुष्यभर राहतं. कापडी मास्क तर निरुपयोगीच. कार्बन काडतुसाच्या मास्कमध्येही काडतूस संपल्याचं कळत नाही. खरं संरक्षण बाहेरून शुद्ध हवा देणाऱ्या मास्कचं, सोबत पूर्ण अंगाचा सूट, हातमोजे आणि डोळे झाकलेले. हे नियम टू-के सरफेसर घरी मारतानाही तितकेच लागू आहेत. शेडमध्येच करायचं ठरलं तर पीव्हीसी पाइपची चौकट, पॉलिथिन, ओली जमीन आणि पंखा फिल्टरमागून हवा आत ढकलणारा लावा. वाफ बाहेर खेचणारा साधा एक्झॉस्ट पंखा लावला तर त्याच्या मोटरच्या ठिणगीसमोरून थिनरची वाफ जाते. शेजारच्या खिडक्या, वाळत घातलेले कपडे, गॅसची शेगडी यांचा आधी विचार करा.

एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाच्या) गनला मिनिटाला १० ते १४ घनफूट हवा लागते. पंक्चरवाल्याचा छोटा कॉम्प्रेसर अर्धा दरवाजा होईपर्यंत दमतो आणि दाब पडला की रंग दाणेदार येतो. टाकी १०० लिटरच्या वर असावी, नळीत पाणी-तेल विभाजक असावा आणि तो कॉम्प्रेसरला चिकटून न लावता काही मीटर लांब, हवा थंड झाल्यावर लावावा; गरम हवेतलं पाणी तो पकडत नाही. सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं, म्हणजे हिवाळ्यातही पहाटे नाही. सकाळी दहा ते दुपारी तीन हा काळ चांगला, आणि पत्रा थेट उन्हात तापलेला नको.

नोझल १.३ किंवा १.४, गनजवळ दाब सुमारे २ बार. रंग-हार्डनर बहुतेक कंपन्यांत २:१, वर सुमारे १० टक्के थिनर, पण डब्यावरचंच प्रमाण पाळा आणि एका कंपनीचा हार्डनर दुसरीच्या रंगात घालू नका. बाहेरच्या अंगाला आणि दरवाज्यांच्या कडांना मिळून तीन ते साडेतीन लिटर तयार रंग धरा. गन पत्र्यापासून १५-२० सेंमीवर, मनगट न वळवता पूर्ण हात सरकवत, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. छतापासून सुरू करा, मग एका बाजूनं गाडीभोवती फिरत या, म्हणजे ओली कड सुकत नाही. पहिला कोट पातळ, १०-१५ मिनिटं थांबा, मग दोन भरीव कोट. मास्किंग टेपवर बोट लावून बघा: रंग चिकट लागतो पण तार ओढत नाही, तेव्हा पुढचा कोट.

ओघळ आला तर ओल्या रंगाला हात लावू नका. दोन-तीन दिवसांनी ठोकळ्यावर १००० चा कागद, मग १५०० आणि २०००, मग कंपाउंड. संत्र्याच्या सालीसारखा पोत आला तर थिनर किंवा दाब कमी पडला, किंवा पत्रा गरम होता. तोही असाच घासून सपाट होतो. टाचणीच्या टोकाएवढी बारीक भोकं आली तर कोट घाईनं जाड मारलेत आणि थिनर आत अडकला आहे; तिथे घासून पुन्हा मारण्याला पर्याय नाही. नंबरचे स्टिकर दोन आठवड्यांनी लावा, त्याआधी लावले तर निघणाऱ्या वाफेनं त्यांच्याखाली बुडबुडे येतात.

रंगवण्याआधी काय झाकायचं हे काय रंगवायचं यापेक्षा महत्त्वाचं आहे. अर्थिंगचे बोल्ट, स्ट्रट माथ्याची बसणारी पातळी, बेल्टच्या बोल्टांचे आटे, सबफ्रेम बॉडीला टेकते त्या जागा आणि चाक हबला टेकतं तो पृष्ठभाग, इथे टॉपकोटचा थर नको. जाड रंग दाबाखाली हळूहळू दबतो आणि बोल्टचा टॉर्क आपोआप कमी होतो. अर्थिंगवर रंग राहिला तर सेन्सर चुकीचं सांगतात आणि माणूस आठवडाभर ईसीयूला दोष देत बसतो.

जोडणीत पैसे ब्रेकवर आधी घाला. डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवं असताना २०५ अंश आणि ओलावा शोषल्यावर १४० अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३० आणि १५५, डॉट ५.१ चा २६० आणि १८०. प्रत्येक ट्रॅक दिवसाआधी ऑइल बदला. पॅडल फ्लोअरपर्यंत गेलं तर ऑइल उकळलं. पॅडल घट्ट आहे पण गाडी थांबत नसेल तर पॅड तापून निकामी झाले. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, पहिल्याला ऑइल आणि दुसऱ्याला जास्त तापमानाचे पॅड.

सस्पेन्शनचे सगळे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड नवे. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. लिफ्टवर लटकत्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहून थोड्याच दिवसांत फाटतं. पुढे कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकाव) उणे २ अंशांपर्यंत न्या, स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) यांमधल्या कॅम्बर बोल्टनं त्यातला बराचसा मिळतो. इंजिनला सध्या फक्त आरोग्य हवं: कॉम्प्रेशन गरम इंजिनावर, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून मोजा. २०० पीएसआयच्या आसपास उत्तम, १७० च्या खाली किंवा दोन सिलिंडरांत १५ पेक्षा जास्त फरक असेल तर आधी ते. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि सगळ्या पाण्याच्या नळ्या नव्या. ऑइल कमाल खुणेवर ठेवा, कारण लांब वळणात ते पंपाच्या तोंडापासून बाजूला सरकतं. दोन किलोचं अग्निशामक हाताच्या अंतरावर, दोन धातूच्या पट्ट्यांनी केजला किंवा फ्लोअरला बांधलेलं.

पहिल्या दिवशी तीन-चार फेऱ्या निम्म्या वेगानं, शेवटची पूर्ण फेरी ब्रेक न वापरता थंड करत, आणि पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक न ओढता चाकाखाली ठोकळा. मग लगेच चाकांचे नट ८५ न्यूटन-मीटरला तपासा, टायरचा दाब गरम असतानाच ३० ते ३२ पीएसआयला आणा, ब्रेकच्या नळ्यांचे जोड कोरड्या कागदानं पुसून ओल दिसते का बघा, आणि केजच्या पायांचे बोल्ट स्पॅनर लावून पाहा. नव्या रंगावर ते पहिल्या दिवशी थोडे बसतातच, पुन्हा आवळा आणि मगच दुसऱ्या फेरीसाठी बाहेर पडा.